एकन् एक जॉइंट ड्राय

सातवी पास बाईने इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना काढला होता म्हटलं की आजही माणसं आधी माझ्या पदराकडे बघतात आणि मग विचारतात, "तुम्ही? कसं काय?" कसं काय ते सांगते. आणि ज्या माणसाने मला त्या धंद्यात तोंडावर पाडलं, त्याचं मी पुढे काय केलं तेही सांगते.

मी चिंचणीची. घरची बोट, आणि बोटीतून आलेले बोंबील वाळवून विकणं हे बायकांचं काम. नवरा लवकर गेला, तेव्हापासून मी बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. तिथे कारखान्यांमधली सगळी माणसं यायची. त्यांच्या गप्पा ऐकून मला वसाहतीतली सगळी भांडणं पाठ झाली होती, आणि त्यातलं मोठं भांडण पाण्याच्या टाकीचं असायचं. मोटर चालू करून माणूस विसरतो, टाकी भरून वाहते, खालच्याच्या घरात पाणी शिरतं.

दर रविवारी सुकट न्यायला एक डिप्लोमावाला यायचा. घाटावरचा, कारखान्यात इलेक्ट्रिकलच्या कामाला. त्याने आपल्या बिल्डिंगसाठी एक पेटी बनवली होती. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. ती पेटी मी स्वतः जाऊन पाहिली आणि घरी परत येईपर्यंत माझा विचार पक्का झाला होता. आत काय आहे ते मला ओ की ठो कळलं नव्हतं, पण काय खपतं आणि काय टोपलीत पडून राहतं, ते मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"ताई, विकायचं तुम्ही बघा," तो म्हणाला. "आतलं माझ्यावर सोडा. तुम्ही त्यात डोकं घालूच नका."

मी घातलं नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा.

औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला. आमच्या आळीतल्या सहा बायका कामाला आणल्या. जाळी विणून विणून त्यांची बोटं अशी तयार होती की पेटीतल्या सर्किटच्या कार्डावर बारीक तारा बसवायला त्यांना आठवडासुद्धा लागला नाही. सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून जोड देणं, कुठे करायचं ते त्याने दाखवलं, का करायचं ते कधी सांगितलं नाही. कार्डाच्या मधोमध एक काळा तुकडा बसायचा, त्याला आयसी म्हणायचे. खेकड्यासारखे आठ पाय होते म्हणून आमच्या बायका त्याला चिंबोरी म्हणायच्या. ही चिंबोरी आम्हाला बाजारातून आणायला लागत नसे. तोच काड्यापेटीत घालून घेऊन यायचा, आणि प्रत्येक चिंबोरीची पाठ पॉलिशपेपरने घासलेली असायची. मी एकदा विचारलं. "वरून तसाच येतो, ताई," असं म्हणून त्याने विषय बदलला.

आता त्या शब्दाची गोष्ट. बिघडून परत आलेली पेटी उघडली की तो नाक मुरडून म्हणायचा, "ड्राय." कधी म्हणायचा, "जॉइंट ड्राय झालाय." ड्राय म्हणजे सुकं हे मला ठाऊक होतं, मुंबईला जाणाऱ्या आमच्या खोक्यांवर ड्राय फिश असंच लिहिलेलं असायचं. आणि आमच्यात सुकं म्हणजे चांगलं. सुकं टिकतं. ओलं राहिलं तर अळी पडते, वास सुटतो, व्यापारी टोपली ढकलून देतो. तरी तो नाक का मुरडतो ते कळेना, म्हणून खात्रीसाठी मी त्याला विचारलं, "भाऊ, जॉइंट ड्राय असला म्हंजे चांगलं ना?"

तो माझ्याकडे बघत क्षणभर थांबला. मग म्हणाला, "एकदम चांगलं, ताई. गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा."

तो क्षणभर मला आजही दिसतो.

थोड्याच दिवसांत तारापूरच्या एका केमिकल कारखान्याकडून बोलावणं आलं. त्यांना आतल्या सगळ्या टाक्यांना पेट्या लावायच्या होत्या. ती ऑर्डर मिळाली असती तर गाळा माझा पक्का झाला असता. नाहीतर पुढचं भाडं काढणं मुश्कील, हे सहाही बायकांना माहीत होतं. मी दाखवायची कार्डं चिंचणीला घरी नेली, सुपात मांडली आणि वरून कावळ्यांसाठी जाळं टाकून दोन दिवस कडक उन्हात ठेवली. दुपारी उलटी केली, संध्याकाळी आत घेतली. बोंबलासाठी करते ते सगळं केलं.

परचेसच्या, म्हणजे खरेदीच्या, खोलीत पाच इंजिनियर बसले होते. माझा भागीदार, तो डिप्लोमावाला, माझ्या शेजारी. मी पेटी उघडली आणि छाती काढून म्हणाले, "सायब, यातला एकन् एक जॉइंट ड्राय हाय. ओला एक बी नाय. मी माज्या हातानं दोन दिस उन्हात सुकवलेत."

मग परचेसवाले साहेब टेबलावर डोकं ठेवून हसायला लागले. एकाला तर ठसका लागला. मला वाटलं, खूश झाले. मी पण हसले. देवा शपथ, मी पण त्यांच्याबरोबर हसले. आणि मग शेजारी पाहिलं तर सगळ्यात जास्त तोच हसत होता. "ताई फक्त विक्रीचं बघतात," तो डोळे पुसत त्यांना इंग्रजीमिश्रित मराठीत म्हणाला, "टेक्निकल सगळं माझं."

महिन्याभरात ती ऑर्डर त्याच्या नावावर गेली. आमच्याच मागच्या गल्लीत त्याने स्वतःचा गाळा घेतला होता. माझ्याकडे यायचं त्याने बंद केलं, आणि त्याच्याबरोबर चिंबोरी यायची बंद झाली. काड्यापेटीत सात उरल्या होत्या. त्या लावल्या आणि काम थांबलं. सहा बायका समोर हात बांधून बसलेल्या, आणि मला त्या काळ्या तुकड्याचं नावसुद्धा माहीत नाही.

मी कार्ड पदरात गुंडाळलं आणि मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेले. सुटे भाग विकणाऱ्या चार दुकानांतून मला हाकललं. पाचव्या दुकानात एक म्हातारे काका होते. त्यांनी कार्ड उलटं केलं, पाय मोजले, कुठला पाय कुठे जोडलाय ते चष्मा वर करून बघितलं.

"नंबर क्यूं घिसा है?" ते म्हणाले. "ये तो ट्रिपल फाइव्ह है, बहनजी. टायमर. कॉलेज का हर बच्चा पहले यही लगाता है."

त्यांनी मागची बरणी काढली. ती चिंबोऱ्यांनी काठोकाठ भरलेली होती, आणि एकेकीची किंमत चहाच्या कपाएवढी. ज्या तुकड्यासाठी मी त्या माणसाच्या पुढे पुढे करत होते, त्याला भाऊ म्हणून राखी बांधली होती, ते त्याचं गुपित हे! मी काकांना ड्राय जॉइंट म्हणजे काय तेही विचारलं. कथील चिकटल्यासारखं दिसतं पण धरलेलं नसतं, वीज कधी जाते कधी जात नाही, त्याला ड्राय म्हणतात. म्हणजे मी त्या साहेबांना सांगितलं होतं की आमचा एकन् एक जॉइंट खराब आहे. माझ्या हाताने खराब केला आहे.

त्या दुकानात मला रडू आलं नाही. अंगाची लाही लाही झाली. काकांकडून मी सगळं उतरवून घेतलं. कुठला पाय कशाला, कुठे किती रेझिस्टन्स, टाकीत तारा किती उंचीवर सोडायच्या. नंतर महिनाभर दर मंगळवारी जाऊन त्यांच्या काउंटरवर उभी राहून शिकले. बायकांना शिकवलं. आमच्या पेट्या पुन्हा सुरू झाल्या, आणि यावेळी परत येईनाशा झाल्या. तिथे थांबले असते तर आज माझी गोष्ट वेगळी असती.

पण मला थांबायचं नव्हतं. तो रोज स्कूटरवरून माझ्या गाळ्यावरून जायचा, आणि हॉर्न वाजवायचा. त्याचं काम चालू आहे हे मला बघवेना. मग माझ्या मनात आलं की याची सगळी ऐट पॉलिशपेपरवर उभी आहे. ती काढून घ्यायची.

मी एका कागदावर पेटीचं चित्र काढलं. वर मोठ्या अक्षरांत ट्रिपल फाइव्ह लिहिलं, खाली एकेक पाय मराठीत समजावला. सायक्लोस्टाइलवर त्याच्या प्रती काढून घेतल्या आणि वाटत सुटले. बोईसरचे रेडिओ दुरुस्तीवाले, पालघरचे मोटर बांधणारे, शिरगाव-माहीमचे वायरमन, कारखान्यांच्या गेटवरचे इलेक्ट्रिशियन. एक प्रत त्याच्या गाळ्याच्या शटरखालून सरकवली. कारखान्यातल्या त्या परचेसवाल्या साहेबांना तर स्वतः नेऊन दिली. "सायब, तुमचा वायरमन बी बनवील आता. ड्राय होऊ देऊ नका फकस्त." ते हसले नाहीत. ते मला फार आवडलं.

वर्षाच्या आत जो तो टाकीची पेटी बनवायला लागला. एक दिवस तो माझ्या गाळ्यात आला, उभाच राहिला. "ताई, हे काय केलंत? यात तुमचंही पोट होतं."

"तुजा गाळा बंद झाला का?" मी विचारलं.

"झाला."

"मंग झालं."

त्या दिवशी मी बाजारातून पापलेट आणून घरी तळलं. खोटं कशाला बोलू, इतकं गोड जेवण मी क्वचित जेवले असेन.

पण पेटी सगळ्यांना यायला लागल्यावर माझ्याकडून कोण घेणार? दिवाळीपर्यंत माझीही ऑर्डर संपली. त्याच्याकडे डिप्लोमा होता, तो पुढच्याच महिन्यात वापीला नोकरीला लागला. माझ्याकडे टोपली होती, ती मी उचलली. गाळ्याची किल्ली द्यायच्या दिवशी सहा बायकांत जिचा हात सगळ्यात बारीक होता, ती माझ्यासमोर उभी राहिली. दोन पोरांची आई, नवरा दारू पिणारा, गाळ्यात आल्यापासून पहिल्यांदा मान वर करून चालणारी.

"मावशी, तुमी कागद वाटलेत तवा आमाला इचारलं व्हतं का?" ती म्हणाली.

मी म्हणाले, "त्यानं माजं हसं केलं व्हतं."

"तुमचं केलं," ती म्हणाली. "आमचं काय?"

ती परत सोड्यांसाठी कोळंबी सोलायला गेली. तिची बोटं कोळंबीच्या पाण्यात कुजली, मी पाहिली आहेत. पुढे तीही मासळी विकायला आली आणि कितीतरी वर्षं आम्ही एकाच बाजारात बसत होतो, मध्ये चार बायका. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. सुट्टे हवे असले तरी लांबच्या बाईकडे जायची. माझी एकदा हिंमत झाली, मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, तर तिने टोपली उचलली आणि जागा बदलली. मी तिला काय म्हणणार? तिच्या जागी मी असते, तर मी नुसती जागा बदलून गप्प बसले नसते.