रक्ताची रंगरंगोटी

पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं, तसं तपासणीआधी स्वतःचं रक्त आवरणारं माणूस तुम्ही पाहिलंय का?

तळघरातल्या शिलाई कारखान्यात एका बाईला सगळे तोफ म्हणत. तिचं तोंड सुटलं की मालकसुद्धा जिन्यावरून मागे फिरायचा. उजाडायच्या आत खाली उतरायचं, दिवे लागल्यावर वर यायचं; अंगाला ऊन असं लागायचंच नाही. हळूहळू तोफेचा गाडा रुतला. मांड्या ठणकायच्या, उठताना हात टेकावे लागायचे. ‘वय झालं, हाडं पोकळ होणारच,’ म्हणत अख्ख्या गल्लीनं डॉक्टरकी करून घेतली.

सुनेनं तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं आणि तोफेनं मनाशी हिशेब मांडला. रिपोर्ट वाईट निघाला तर मालक घरी बसवेल! मग सुनेच्या बाळंतपणातल्या कॅल्शियमच्या गोळ्या, ‘डी’ जीवनसत्त्वाच्या पुड्या, सगळं गुपचूप पोटात गेलं.

रिपोर्ट आला. कॅल्शियम झकास, ‘डी’ झकास. हाडांची डागडुजी दाखवणारा एकच आकडा आभाळाला भिडलेला.

“बाकी सगळं ठीक; यकृत बिघडलं तरी हा आकडा चढतो, पण तेही ठीक. मग हा एकटाच का वाढला?” डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. “हाडात गाठ नाही ना, ते बघावं लागेल.”

घरी आल्यावर तोफ अंथरुणात शिरली. सून मात्र कपाट धुंडाळत होती.

“आई, माझ्या पुड्या कुठं गेल्या?”

“आग लागली त्या पुड्यांना! घेतल्या मी. रक्त जरा बरं दिसावं म्हणून.”

“अहो, रक्ताचं काय लग्न होतं, नटवायला?”

तिला तसंच परत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आधी भडकल्या, मग खुदकन हसल्या. गळ्यातल्या एका ग्रंथीची आणि फॉस्फरसची तपासणी त्यांनी लावली. “उपाशी हाडांची बोंब ही ग्रंथी ऐकते. चार पुड्यांनी ती लगेच गप्प बसत नाही.”

ग्रंथीचा आकडा चढलेला, फॉस्फरस खाली.

“गाठ वाटत नाही. हाडं नुसती पोकळ असती, तर बहुतेक हे आकडे सरळ आले असते. तुमची हाडं मऊ पडलीत. औषध आणि ऊन, बऱ्या व्हाल.”

“म्हणजे मरत नाही मी?”

“इतक्यात तरी नाही.”

दुसऱ्या दिवशी तोफ मालकासमोर धडाडली, “जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या बाया वर उन्हात बसणार. अडवून दाखवा!”

मालक काय अडवतोय.

तेव्हा रक्त देण्याआधी काय काय गिळलंय ते डॉक्टरांना सांगा, लाज वाटली तरी सांगा.