डाव्या हाताचा आशीर्वाद

आमच्या मंडळीत पाळक आणि बाकीची माणसं यांच्यातला फरक एका शब्दाचा होता. उपासना संपताना पाळक शेवटचा आशीर्वाद देतो, तेव्हा उजवा हात वर करून "तुम्हां सर्वांबरोबर असो" म्हणतो. पाळक नसला आणि एखाद्या पंचाने, म्हणजे मंडळीचा कारभार बघायला निवडलेल्या माणसाने, उपासना चालवली, तर त्याने हात खाली ठेवायचा आणि "आपणां सर्वांबरोबर" म्हणायचं. देव तोच, कृपा तीच, बाकांवरची माणसंही तीच. पण दीक्षा झालेला देणार, आणि बिनदीक्षेचा आपल्यासारखाच रांगेत उभा राहून मागणार. बाहेरच्याला हा नुसता काथ्याकूट वाटेल. आमच्याकडे यावरून माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं आहे.

माझे वडील कोल्हापुरातल्या आमच्या चर्चचे पाळक होते. घरात आम्ही त्यांना पप्पा म्हणायचो, मंडळी पाळकसाहेब. माणूस मायाळू, पण या एका शब्दापुरता खाष्ट. एकदा ते बाहेरगावी असताना मुख्य पंचांनी, म्हणजे एका निवृत्त हेडमास्तरांनी, उपासना घेतली आणि भरात हात वर करून "तुम्हां" म्हणून गेले. पप्पांनी त्यांना घरी बोलावून सांगितलं असतं तर भागलं असतं. त्यांनी पुढच्या रविवारी व्यासपीठावरून सांगितलं. "ज्याच्या डोक्यावर हात ठेवून नेमलंय, त्यानंच हात उचलावा. नाहीतर उद्या पेटीवालाही उचलेल." सगळं चर्च हसलं. हेडमास्तर पुढच्याच बाकावर होते, त्यांचे कान लाल झाले. पोरं त्यांना नंतर कितीतरी दिवस 'छोटे पाळकसाहेब' म्हणत होती. पप्पा विसरून गेले. अपमान करणारा विसरतोच.

मग पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यात मंडळी येऊन गेली, डबे आले, प्रार्थना झाल्या. तोवर सगळं गोड होतं. काही महिन्यांनी जीभ थोडी वळायला लागली, तसा त्यांनी हट्ट धरला की उपासना मीच घेणार. प्रवचन तोकडं झालं, शब्द अडखळले, लोकांनी सांभाळून घेतलं. शेवटी आशीर्वादाची वेळ आली आणि पप्पांनी डावा हात वर केला. दुसरा कुठला करणार? उजवा गळ्यातल्या झोळीत होता.

बाकांवर चुळबूळ झाली. 'आमेन' कसंबसं आलं. बाहेर पडताना गडमुडशिंगीहून येणारी एक म्हातारी पप्पांसमोर उभी राहिली. तिच्या नवऱ्याला आणि लेकाला पप्पांनीच माती दिली होती. मनात काही ठेवायची तिला सवय नव्हती.

"पाळकसाहेब, डाव्या हातानं आमी पावण्याला पाणी बी देत न्हाय. आन तुमी देवाचा आशीर्वाद देताय व्हय?"

पप्पा हसायला गेले, तोंड एकाच बाजूला हललं. "उजवा उचलत न्हाय की, आजी."

"मग घरात बसायचं. डावा आशीर्वाद घिऊन मी घरला कशी जाऊ? लेकरंबाळं हायती घरात."

तिच्या आवाजात द्वेष नव्हता. म्हणून तर मला तिचा जास्त राग आला.

त्यानंतर नावडतीचं मीठ अळणी झालं. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं, सगळं त्या डाव्या हातावर गेलं. आमच्या लोकांना एक अभिमान आहे, की आपल्या आज्यापणज्यांनी शकुन-अपशकुन कधीच सोडले. तेव्हा अपशकुन म्हणता येईना, म्हणून शास्त्र काढलं. शेवटच्या न्यायाला मेंढरं उजवीकडे उभी राहून तरणार आणि शेरडं डावीकडून नरकात जाणार. एकाने तर पप्पांना फोन करून विचारलं, आम्ही शेरडं आहोत का.

आमचं राहतं घर चर्चचं होतं. आशीर्वाद देता येत नाही तो पाळक कसला, आणि पाळक नाही तो या घरात कसा, हे कुणी तोंडाने बोललं नाही. पण पंच कमिटी बसली ती आमच्याच बैठकीच्या खोलीत, आणि त्यातले दोघे बोलणं सोडून भिंतीची ओल बघत होते. आईने सगळ्यांना चहा दिला.

हेडमास्तर अगदी मऊ बोलत होते. "पाळकसाहेब, दोन वाटा हायत. हात खाली ठेवा आणि आमच्यासारखं 'आपणां' म्हणा. मंडळीची काही तक्रार न्हाय."

पप्पांनी मान हलवली. नाही.

"मग उजवा हात आम्ही धरून वर करतो. शास्त्रात दाखला हाय. लढाईत संदेष्ट्याचे हात थकले, तेव्हा दोघांनी धरलेच होते की."

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "त्यांचा तो खांदा फार दुखतो. डॉक्टरांनी हात ओढायचा नाही म्हणून सांगितलंय."

"ओढतंय कोण, वहिनी? उचलायचाय."

पप्पांनी होकार दिला. कमिटी उठून गेल्यावर मी पप्पांशी भांडले. असा हात उचलून घेण्यात कसला मान, असं विचारलं. ते म्हणाले, "शब्द तर माझा राहील."

त्या रविवारी चर्च भरलं होतं. एरवी नाताळलाच दिसणारी माणसंही आली होती. कुणाची फजिती व्हायची असली की आमच्या लोकांना वेळ सापडतो. हेडमास्तरांनी पप्पांचा उजवा हात झोळीतून काढला, मनगटाला धरला आणि वर केला. हळू केला असता तरी दुखलंच असतं. त्यांनी हळू केला नाही. कुस्ती निकाली झाली की मैदानात पंच पैलवानाचा हात वर करतो, तसा केला. फक्त इथला पैलवान हरलेला होता.

पप्पांचा चेहरा पिळवटला. 'कृपा' म्हणाले, 'प्रीती' म्हणाले, आणि 'तुम्हां'च्या अलीकडे कळ येऊन थांबले. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, आता तरी हात खाली येईल. हेडमास्तरांनी तो तसाच उंच धरून ठेवला, मंडळीकडे तोंड केलं, आणि शाळेच्या मैदानावर लागायचा त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "तुम्हां सर्वांबरोबर असो."

हात दीक्षेचा होता, उजवा होता, वर होता. कुणाला काही खटकलं नाही. त्या दिवशीइतकं मोठं 'आमेन' मी आमच्या चर्चमध्ये कधी ऐकलं नव्हतं. गडमुडशिंगीच्या म्हातारीने समाधानाने डोळ्यांना पदर लावला.

पप्पांनी राजीनामा दिला. आम्ही कळंब्याला भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो. सामान हलवायच्या दिवशी हेडमास्तर आले आणि त्यांनी पप्पांची खुर्ची स्वतः उचलून टेम्पोत चढवली. लोक म्हणाले, बघा, माणसाच्या मनात काही नाही. मी त्यांना पाणीही विचारलं नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

मी इतकी वर्षं धरून चालले होते, की पप्पांच्या पोटातही माझ्यासारखाच राग असणार. मग मला मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर मी तिला कळंब्याला घेऊन गेले आणि त्यांच्या खुर्चीपाशी बसले.

"पप्पा, हिच्या डोक्यावर हात ठेवा."

त्यांनी मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"डावा ठेवा की," मी म्हणाले. "इथं कुठली कमिटी बसलीय?"

डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. तो त्यांनी उचलला. बाळाच्या जवळ आणला, आणि मग पाठीमागे उशीआड नेऊन ठेवला.

"नको. हिनं कुणाचं काय वाईट केलंय?"