हे काय, आलंच म्हणणारे भाऊ

"हे काय, आलंच," असं म्हणून भाऊ हनुवटीनं समोरचा डोंगर दाखवायचे. हात वर करायची तसदी ते घेत नसत. मान थोडी पुढे, डोळे बारीक आणि हनुवटी डोंगराकडे. नवा माणूस त्या हनुवटीवर विश्वास ठेवायचा आणि पाण्याची बाटली तिथंच रिकामी करायचा. मीही केली होती. कचारगडची गुहा पाहायला जंगलात पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळपासून आलंच, आलंच ऐकत आम्ही गुहेशी पोचलो, तोवर ऊन डोक्यावर आलं होतं आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. मी रागानं पाहिलं तर भाऊ म्हणाले, "मॅडम, दूर आहे म्हनलं असतं तं तुमी आल्या असत्या का?"

नसते आले, हे खरं होतं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याच्यासोबत कुठं जायचं म्हटलं की घरचे कपाळाला हात लावतात, आणि तो नसला की जाण्यात राम वाटत नाही. आमच्या गोंदियातले भाऊ तसे होते. त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी कुणाला कळायचं नाही, कारण त्यांना सगळे नुसतं भाऊच म्हणायचे.

भाऊ राइस मिलच्या मशिनी दुरुस्त करायचे. जिल्ह्यात असं गाव नसेल जिथं त्यांनी एखादा पट्टा किंवा बेअरिंग बदललं नसेल. त्यामुळे कुठल्याही गावात शिरलं की कुणीतरी ओसरीवरून हाक मारायचं, पाणी यायचं, चहा यायचा, आणि बऱ्याचदा चहाच्या मागून मोहाची दारूही यायची. आयुष्य मिलच्या धडधडाटात गेलेलं, म्हणून त्यांना हळू बोलता येत नव्हतं. कानात सांगितलेली गोष्टही पलीकडच्या बांधावर ऐकू जायची.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नवरा नोकरीमुळे सदा बाहेरगावी, मुलगी नागपूरला शिकायला गेली, आणि माझे रविवार एकदम रिकामे झाले. शेजारी कॉलेजातले एक सर राहतात. ते आणि त्यांची बायको रविवारी जंगलात भटकायला जायचे. त्यांनी मला नेलं. सोबत औषधाच्या दुकानाचे मालक काका असायचे आणि या सगळ्यांच्या पुढे, फाटक्या सायलेन्सरच्या गाडीवर, भाऊ.

पहिल्या दिवशी मला ते मुळीच आवडले नाहीत. दुपारच्या डब्यापर्यंत त्यांच्या तोंडाला वास यायला लागला होता. ते मोठ्यानं गात होते, आणि गाणं विसरलं की मधले शब्द स्वतःचे घालत होते. घरी येऊन मी ठरवलं, पुन्हा जायचं नाही. पुढच्या रविवारी पहाटे फाटका सायलेन्सर दारात वाजला आणि मी बूट घालून बाहेर आले. असं का झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. इतकंच सांगते, की त्या माणसानं मला झाडावर चढायला लावलं, नाला पोहून पार करायला लावलं. चाळिशी उलटल्यावर कुणी आपल्याला असं काही करायला सांगत नाही. सगळे जपून चाला म्हणतात.

अस्वलाची गोष्ट गोंदियात भाऊंनी स्वतःच इतक्या वेळा सांगितली, की त्यातलं अस्वल दर वेळी थोडं वाढत गेलं. मी पाहिलेलं सांगते. मोह पडायचे दिवस होते. सकाळी पायवाटेनं चाललो असताना वळणावर अस्वल समोर आलं. सर मागं सरले, काकांनी माझी पिशवी घट्ट धरली. भाऊ पुढं होते ते तिथंच थांबले, आणि अस्वलाला म्हणाले, "जा बापा, तुमी पहिले जा. आमाले घाई नाही."

अस्वलानं त्यांच्याकडे पाहिलं, नाक फेंदारलं आणि खरंच पायवाट ओलांडून निघून गेलं. आम्ही भाऊंना डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यांनीही ऐटीत सांगितलं, तोही मोह खाऊन आला होता, आपल्याच बिरादरीचा. गाड्यांपाशी आल्यावर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पाय हालूनच नाही राहिले माहे. कोनाले सांगू नका." त्यांच्या मते हे ते हळू बोलले होते. सरांची बायको खालच्या वळणावर हसायला लागली.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एकदा सडक अर्जुनीकडून येताना भाऊंची गाडी रस्त्यालगतच्या नालीत गेली. मागं काका बसले होते. भाऊंना खरचटलं आणि काकांच्या खांद्याचं हाड मोडलं. भाऊ प्यायलेले होते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि निघताना कुणीही त्यांना अडवलं नव्हतं.

काकांचा हात गळ्यात होता तोवर भाऊ रोज सकाळी त्यांच्या दुकानाचं शटर उचलायला जायचे. खोकी उतरवायचे, झाडून काढायचे, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला अपघात सांगायचे. त्या सांगण्यात चूक नेहमी नालीची असायची. काका हसायचे. काकू मात्र भाऊ आले की आत निघून जायच्या, आणि मला काकूंचं वागणं पटत होतं. भाऊंचं ते रोजचं येणंही मनाला लागत होतं. दोन्ही एकदम वाटायचं. त्या माणसाबद्दल मला कधी एकच एक काही वाटलं नाही.

त्याच सुमाराला भाऊंची बायको माझ्याकडे आली. मी वहिनी म्हणायचे त्यांना. चहा झाल्यावर बराच वेळ कप हातात फिरवत राहिल्या, मग म्हणाल्या, "मी सांगून सांगून थकली. तुमाले पाहून ते जरासे दबते. तुमी सोबत असल्या का मले बरं वाटते."

मी हो म्हटलं, पण मनातून चिडले. आठवडाभर वर्गातली पोरं सांभाळायची आणि रविवारी जंगलात हे मोठं पोर? मी झाडं पाहायला जात होते, पहारा करायला नाही. तरीही वहिनींचा तो कप फिरवणारा हात डोळ्यांपुढून जाईना.

काकांचा खांदा बरा झाल्यावर आम्ही आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडला गेलो. भाऊ गड सगळ्यांच्या आधी चढले, वरच्या दर्ग्यात डोकं टेकवलं आणि खाली उतरून ओळखीच्या घरी गेले ते बऱ्याच वेळानं बाहेर आले. चेहरा लाल, पाय सैल. गाडीवर बसताना दोनदा चुकले. मी पुढं झाले, गाडीची चाबी काढली आणि पर्समध्ये टाकली.

भाऊंना आधी वाटलं, थट्टा आहे. मग कळलं. जिल्हाभर ज्याला लोक ओसरीवरून हाक मारतात, त्याची चाबी एका बाईनं चारचौघांसमोर काढून घेतली होती.

"चाबी नाही घेतली तुमी," ते म्हणाले. "इज्जत घेतली." आणि गोंदियाच्या दिशेनं तरातरा चालायला लागले.

गोंदिया तिथून काही चालत जाण्याजोगं नव्हतं. सरांनी भाऊंची गाडी घेतली, सरांची बायको माझ्या स्कूटीवर बसली, काकांनी सरांची गाडी घेतली. आम्ही चौघं पायी चालणाऱ्या माणसाच्या मागं गाड्या सावकाश हाकत निघालो. सर विनवण्या करत होते. भाऊ मागं वळून पाहत नव्हते. शेतातले लोक काम थांबवून आमची ती मिरवणूक पाहत होते.

पुढच्या गावात खरीच वरात निघाली होती. बँड वाजत होता. भाऊंचे पाय आधी जागच्या जागी हलले, मग ते सरळ वरातीत शिरले. हात वर करून, डोळे मिटून ते असे नाचले की बँडवाल्यांना जोर चढला. वराकडच्यांना वाटलं, हा वधूकडचा मामा असावा. वधूकडच्यांना वाटलं, वराकडचा. मांडवात दोन्हीकडच्यांनी त्यांना आग्रह करून बसवलं. पानावर बसल्यावर त्यांना आमची आठवण झाली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, बाहेर आपले लोक उपाशी उभे आहेत. अशा रीतीनं आम्ही अनोळखी लग्नात वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी जेवलो. भाऊ स्वतः वाढत फिरत होते. माझ्या पानाशी आले, बुंदी वाढली आणि न बोलता पुढं गेले.

जेवून ते आंब्याखाली झोपले. उठले तेव्हा उतरली होती. सरांच्या मागं बसून गप्प गोंदियापर्यंत आले. त्यांना इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांच्या दारात गाडी लावल्यावर मी चाबी वहिनींच्या हातात दिली.

पुढं कित्येक रविवार सायलेन्सर माझ्या दारात वाजला नाही. आम्ही चौघं एक-दोनदा गेलो, लवकर कंटाळून परत आलो. मी बरोबरच केलं होतं, याबद्दल मला शंका नव्हती. तरी रविवारी पहाटे जाग यायची आणि मी रस्त्याचा कानोसा घेत पडून राहायचे.

एका रविवारी तो आवाज आला. मी बाहेर आले तर भाऊ गाडीवरून उतरून उभे होते. अंघोळ केलेली, केस चापून बसवलेले. चाबी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"अजून निघालोही नाही," मी म्हटलं. "गाडी कशी चालवणार?"

त्यांनी हे ध्यानात घेतलं नव्हतं. थोडा वेळ विचार केला, चाबी परत घेतली आणि म्हणाले, "बरं. तिथं पोचलो का देतो. मंग मी मांगलो तरी देऊ नका."

तेव्हापासून तो रिवाज पडला. गाडी थांबली की चाबी माझ्याकडे. पिणं सुटलं नाही, आरडाओरडा कमी झाला नाही. कधी मागायचे, भांडायचे, मी त्यांना नवरा-मुलीलाही बोलत नाही असं बोलायचे. येताना सर गाडी चालवायचे आणि भाऊ मागं बसून, चुकीचे शब्द घालत, गाणी म्हणायचे.

मग एका पावसाळ्यात भाऊंचे डोळे पिवळे झाले. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता थेंबही नाही. आम्हाला वाटलं, हे काही व्हायचं नाही. पण भाऊंनी सोडली. अंगावरचं मांस उतरलं, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला आणि आवाज, तो मिलच्या वर चढणारा आवाज, बसला. त्यांची मुलगी भिलाईला असते. तिनं ठरवलं, आई-बाबांना तिकडे न्यायचं. संक्रांत झाली की जायचं पक्कं झालं.

जायच्या आधीच्या रविवारी आम्ही त्यांना बोदलकशाला नेलं. सरांनी कार काढली होती. भाऊ तलावाच्या पाळीवर काठीच्या आधारानं चालले आणि पाण्याकडे तोंड करून बसले. जरा वेळानं लक्षात आलं, तलाव पक्ष्यांनी भरलेला होता. अगदी जवळच्या पाण्यात बदकं पोहत होती, बुड्या मारत होती. पलीकडे उथळात लांब पायांचे बगळे उभे होते.

"बाप्पा," भाऊ म्हणाले. "इतके पाखरं राहते इथं?"

सरांनी सांगितलं, दर हिवाळ्यात असतात. भाऊंना ते पटेना. इतकी वर्षं येऊन राहिलो, म्हणाले, आपल्याला तर कधी दिसले नाहीत. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेवटी काकांनीच सांगून टाकलं, की तुमची गाडी आणि तुमचा आवाज ऐकून पाखरं आपण पोचायच्या आधीच उडून जायची. भाऊ खूप हसले. हसता हसता खोकला आला, मी पाठीवर हात फिरवला.

इतक्या वर्षांत जी शांतता मी मागत होते ती त्या सकाळी पुरेपूर मिळाली होती. पाणी स्वच्छ दिसत होतं, एकेक पक्षी ओळखता येत होता. मला तिथं बसवत नव्हतं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, एकडाव ओरडू का?"

आजवर त्यांनी कुठल्याच गोष्टीला मला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "ओरडा."

ते काठीवर भार देऊन उभे राहिले, छाती भरून घेतली आणि ओरडले. आवाज चिरका निघाला, अर्ध्यावर फाटला. जवळच्या दोन-चार बदकांनी माना वर केल्या. एक फडफडून थोडं पुढं जाऊन बसलं. बाकीची पोहतच राहिली.

भाऊ बराच वेळ त्या बदकांकडे पाहत उभे होते. मग सावकाश खाली बसले आणि काठी बाजूला ठेवली.

"बरं झालं नाही उडले तं," ते म्हणाले. "आताच तं दिसून राहिले."