बटणावरचा अंगठा

नव्वदीच्या दशकात लिंबायतमध्ये मी कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा स्वतःला भलतीच हुशार समजत होते. दसऱ्याला मशीनची पूजा केली आणि चालू करायच्या बटणावरच मूठभर अक्षता वाहिल्या! एक दाणा फटीत शिरला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी एवढंच दिसत होतं, की बटण दाबून धरलं तर कॉम्प्युटर चालू आणि बोट काढलं की बंद. समोर पोरींना घेऊन आलेल्या आया बसलेल्या. मशीन चाललं नसतं, तर एकीनेही पोरीचं नाव घातलं नसतं.

तेवढ्यात एक अनोळखी, धिप्पाड बाई पुढे आली.

"सरक माय. तू शिकव, मी दाबून बसते."

तिने बटणावर अंगठा रोवला आणि स्टुलावर ठाण मांडलं. मी एकेका पोरीचं नाव पडद्यावर उमटवू लागले. "आव्युं, आव्युं!" नाव आलं, म्हणून मागून कुणीतरी गुजरातीत ओरडलं. बाईच्या हाताला मदत करायला कुणी आलं, की ती त्याला कोपराने ढकलायची.

मी म्हटलं, "मावशी, हात दुखेल. सोडा आता."

"का सोडू? आजवर हा अंगठा कागदावर टेकवला, की लोक हसायचे. आज उचलला, तर तुमचं सगळं बंद!"

आयांनी टाळ्याच पिटल्या. शेवटच्या पोरीचं नाव उमटलं, तेव्हा कुठे तिने अंगठा उचलला, साऱ्यांसमोर नाचवला आणि ऐटीत निघून गेली.