पुसून न झालेली चिप
परवा मोबाईलच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि आमच्या तालुक्याच्या गावची, गोरेगावची, ती पत्र्याची खोली आठवली. शेतातले पंप मोबाईलवरून सुरू करणारे बोर्ड आम्ही तिथे बनवायचो. त्यावर चिपा बसवायला जवळच्या कामठा गावाहून येणारी एक बाई होती, आणि फ्लॅश म्हणजे मेमरीच्या चिपेत प्रोग्राम भरणारा बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम मी स्वतः नुकताच लिहिला होता. त्या आठवड्यात बोर्डामागून बोर्ड फ्लॅशची एरर दाखवून बंद पडत होते. मालक सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "तुह्या हातानं चिपा जळून राहिल्या. काढ सगळ्या." "मी रोजच्यासारखंच केलं जी," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली, "भाऊ, तुम्ही तरी पाहा ना एकदा." मी पाहिलं. चिपेतलं जुनं पुसून होण्याआधीच माझा बूटलोडर चिपेवर नवं लिहायला लागत होता. "माझं बरोबर आहे," मी सांगितलं. दुपारभर तापल्या पत्र्याखाली ती स्वतः बसवलेल्या चिपा एकेक काढत राहिली. बोट भाजलं की कानाच्या पाळीला लावायची. संध्याकाळी मालकानं तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती एसटीला गेल्यावर मी बूटलोडरमध्ये थांबायची एक ओळ वाढवली. दुसऱ्या दिवशी त्याच चिपा दुसऱ्या माणसानं बसवल्या आणि सगळे बोर्ड चालले. "पाहा, हात बदलला का काम होते," मालक म्हणाला. मी हो म्हणालो. आता मी शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, चिप पुसून होईपर्यंत थांबायचं. हे तुम्ही कुठे शिकलात, असं कोणी विचारलं तर पुस्तकात वाचलं म्हणतो.