ठिणगीरावांची फेरपरीक्षा

टाक्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना ठिणगीराव म्हणत. वेल्डरला शोभणारं नाव, पण पडलं होतं स्वभावावरून. कुणी चुकीचा रॉड हातात दिला की तो परत जायचा हवेतून. मुकादमाशी भांडण, कँटीनवाल्याशी भांडण, आणि कुणी सापडलंच नाही तर पंख्याशी. मात्र हेल्मेटची काच खाली आली की माणूस दगड व्हायचा. जोडाचा तळाचा पहिला थर सगळ्यात अवघड. तिथे हात केसभर हलला तर वर कितीही भरा, आत पोकळ. तो थर ठिणगीराव श्वास रोखून भरत. दम संपला की थांबत, भसकन श्वास सोडत, एक शिवी हासडत आणि पुढचा तुकडा घेत. त्यांचा जोड कधी उकलला नाही.

मग रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, "असेच तापत राहिलात तर पहिली टाकी तुमचीच फुटेल." बायकोने त्यांना हाताला धरून चपलांच्या दुकानावरच्या ध्यानवर्गात नेऊन बसवलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, श्वास अडवू नका. येतोय तो येऊ द्या, जातोय तो जाऊ द्या.

"तो येतोच आहे की! त्यात शिकायचं काय?" ठिणगीरावांनी पहिल्याच दिवशी वाद घातला.

पण वर्ष सरलं आणि विद्या अंगात मुरली. ठिणगी विझली, नुसते राव उरले.

त्यांच्या खात्यात भांडणं होत नाहीत, हे मालकांच्या लक्षात आलं. भांडणं करणाराच गप्प झालाय हे कुणी मालकांना सांगितलं नाही. त्यांनी रावांना अभ्यासक्रमाला धाडलं आणि परत आल्यावर सतरंजी, कुंडी आणि गोल मांडलेल्या खुर्च्यांची एक खोली दिली. राव लीडरशिप कोच झाले. मुकादम आणि सुपरवायझर त्यांच्याकडे माणसं सांभाळायला शिकू लागले. मुख्य नियम एकच: उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा आणि समोरच्याचं ऐकून घ्यायचं.

"म्हणजे पंक्चर काढायला आलेल्याला विचारायचं, तुला या भोकाबद्दल काय वाटतं?" भोंगा म्हणाला. भोंगा हा रावांचा वेल्डिंगच्या शेजारच्या, पडदा लावलेल्या आडोशातला जुना जोडीदार. तो कुजबुजला तरी ग्राइंडरच्या वर ऐकू यायचा.

राव हसले. त्यांचा त्या कामावर खरोखर जीव जडला होता. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन मुकादम त्यांच्या खोलीतून सोबत बाहेर पडले, हे कारखान्याने डोळ्यांनी पाहिलं. घरी मात्र विद्येची कदर नव्हती.

"भाजी कोणती करू?"

"तुला कोणती करावीशी वाटते?"

"तुमचं डोकं फोडावंसं वाटतंय. बोला, कोणती?"

पुढे कारखान्याला नवे मॅनेजर मिळाले. ते बाहेरचे नव्हते. सुपरवायझर असताना रावांच्या सतरंजीवर बसून तयार झालेले. त्यांनी रावांना बोलावलं, खुर्ची दिली, स्वतः पाणी ओतलं.

"राव, पुढच्या काळात तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"माझ्या खोलीत."

"आणि ती खोली नसेल तर?"

मग मॅनेजर गप्प बसले. आधी स्वप्न विचारावं, मग अडचण दाखवावी, मग शांत राहावं. क्रम रावांनीच शिकवलेला. शांतता इतकी उत्तम जमली होती की क्षणभर रावांना शिष्याचं कौतुक वाटलं. भीती त्यानंतर वाटली.

"मी वेल्डर आहे," राव शेवटी म्हणाले.

"छान! हा निर्णय तुमचा तुम्ही घेतलात," मॅनेजर म्हणाले.

निर्णय राबवायला एक परीक्षा होती. बराच काळ रॉड न धरलेल्या वेल्डरचं प्रमाणपत्र बाद होतं. जोड मारून दाखवायचा. त्याच्या पट्ट्या कापून प्रेसमध्ये नालासारख्या वाकवतात. टिकल्या तर जुना आडोसा परत, उकलल्या तर फाटकाबाहेर. मधली जागा शिल्लक नाही, असं मॅनेजरांनी फार हळुवारपणे सांगितलं.

भोंग्याने जेवणाच्या सुट्टीत रावांचा सराव घ्यायला सुरुवात केली. हात विसरला नव्हता, डोळाही शाबूत होता. श्वास मात्र थांबेना.

"धर की रे श्वास!"

"धरतो. तो आपला निघून जातो."

श्वास येताना हातात एक बारीक लाट, जाताना एक. आणि वितळलेलं लोखंड त्या लाटेवर डुलायचं. इतक्या वर्षांत मुरलेली गोष्ट एका आठवड्यात कशी विसरायची, हे ध्यानवर्गातल्या बाईंनाही माहीत नव्हतं. रावांनी जाऊन विचारलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भोंगा जवळ आला आणि त्याच्या मानाने हळू बोलला. "हे बघ, हेल्मेट घातल्यावर तू काय आणि मी काय. परीक्षक पडद्याबाहेर बसतो. मी मागून येतो, पहिला थर मारतो. वरचे तू भर. देवालासुद्धा कळणार नाही."

रावांनी पडद्याची कड ओढून सरळ केली.

"बोल की लेका, तोंडात रॉड धरलायस का?"

"नको."

"का नको?"

राव हातमोजे काढून घरी गेले. हा नकार सचोटीमुळे की पकडले जाण्याच्या धास्तीने, हे त्यांनी रात्रभर स्वतःला शास्त्रशुद्ध प्रश्न विचारून तपासलं. समोरच्याने दाद दिली नाही.

परीक्षेत पहिली पट्टी नीट वाकली. दुसरी अर्ध्यावर आली आणि तळाशी ओठ विलगावा तसा जोड उघडला. परीक्षक भला माणूस. नियमात होती तशी आणखी एक संधी दिली. दुसऱ्या वेळचा जोड पहिल्यापेक्षा आधी उघडला.

"वरून मात्र देखणा आहे हो," परीक्षक म्हणाले.

भोंगा त्या दिवशी कुणाशीच बोलला नाही, त्यामुळे कारखान्यात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटत होतं.

बायको दारातच उभी होती.

"काय झालं?"

"उकलला."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही."

तिने पदर खोचला. "मग असे गार काय उभे राहिलात? चिडा जरा! त्या साहेबाला जाऊन चार शब्द सुनवा. पूर्वी पंख्याला सोडत नव्हतात!"

रावांनी प्रामाणिक प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या, मुठी वळल्या. थोडा वेळ तसेच राहिले.

"नाही येत गं," ते म्हणाले.

"मग मी जाते. मला येतंय!" तिने चपलेत पाय घातला.

"जा. ते खुर्ची देतील, पाणी देतील. मधे एक शब्द बोलणार नाहीत, सगळं ऐकून घेतील," राव म्हणाले. "तिथे आता सगळेच फार छान ऐकून घेतात."

बायको एका पायात चप्पल घालून तशीच उंबऱ्यावर बसली.