आधी खोड, मग किंमत

जुन्या गाड्यांच्या धंद्यात माणूस सगळ्यात आधी गप्प बसायला शिकतो. गाडी पुसायची, सीटला नवं कव्हर चढवायचं, टायरला काळं पॉलिश फासायचं आणि गिऱ्हाईक विचारेल तेवढ्यापुरतंच तोंड उघडायचं. मामांची उभी हयात या धंद्यात गेली, पण एवढी साधी गोष्ट त्यांना जमली नाही. कुणी आवारात शिरून एखाद्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, की मामा खुर्चीतून उठत आणि 'या, बसा' म्हणायच्याही आधी त्या गाडीची खोड सांगून मोकळे होत.

“ही सकाळी पहिल्या किल्लीला बोलत नाही, दुसऱ्या किल्लीला बोलते. घाई केलेली चालत नाही तिला.”

“हिचं मागचं डावं दार जोरात ओढायचं. नाहीतर रुसतं आणि अर्धवट उघडं राहतं.”

“ही वळताना कुरकुरते. मिस्त्रीने सगळं उघडून पाहिलं, काही निघालं नाही. स्वभावच आहे तिचा.”

दोष हा शब्द ते वापरत नसत. दुरुस्त होण्यासारखं असेल ते मिस्त्री दुरुस्त करतच असे. त्यानंतर उरते ती खोड. ती माणसाला असते तशी गाडीलाही असते, ओळखून घेतली की निभतं, असं मामांचं म्हणणं. त्यावरून त्यांना सगळे खोडमामा म्हणू लागले आणि खरं नाव वीजबिलावर तेवढं उरलं. आसपासचे धंदेवाले म्हणत, हा स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो आणि वर गिऱ्हाइकाला दाखवतो. पण मामांचं दुकान चाललं ते याच धोंड्यावर. खोड ऐकून एखादा पळून जाई. जो थांबे तो पुढच्या खेपेला मेव्हण्याला आणि साडूलाही घेऊन येई.

लेक कॉलेजात होती तेव्हा तिने दुकानाची वेबसाइट बनवली. मामा पाठीमागे हात बांधून गाड्यांमधून फिरत, ती मागून लॅपटॉप घेऊन चाले आणि मामा सांगतील ते जसंच्या तसं उतरवून घेई. फोटो, खाली ठळक अक्षरांत 'खोड', आणि सगळ्यात शेवटी किंमत. लोकांना ते वाचायची चटकच लागली. गाडी घ्यायची नसली तरी वाचत, हसत आणि एकमेकांना पाठवत. इंटरनेटवर जुनी गाडी शोधायला बसलं की दुकानांची नावं एकाखाली एक येत आणि त्यांत मामांचंही असे. त्यावर बोट टेकवलं की माणूस मामांच्या बोलण्यात अडकलाच म्हणून समजा.

मग ती नावं खाली ढकलली गेली. त्यांच्या डोक्यावर एक चौकट आली आणि तिच्यात एआय स्वतःच उत्तर द्यायला लागलं. आता दुकानं चाळत कोण बसतो? आयता घास तोंडात पडत असताना हात कोण खरकटे करील? लोक चौकट वाचत आणि फोन खिशात टाकत. मामा त्या चौकटीला 'वरचा' म्हणत. सुरुवातीला थट्टेने म्हणत. दुकानातला फोन मुका झाला, दिवसाला एकदा उचलून तो चालू आहे ना हे पाहायची वेळ आली, तेव्हा मात्र थट्टा संपली.

तशात एकदा औषधवाल्याचा मुलगा दुकानासमोरून गेला. याच्या बापाने मामांकडून एकामागून एक दोन गाड्या नेल्या होत्या. पोराच्या बुडाखाली मात्र नाक्यावरच्या काचेच्या शोरूममधली गाडी होती.

“काय रे, मामाला विसरलास?” मामांनी हटकलं.

पोरगं ओशाळलं. “तसं नाही हो मामा. पण तुमच्या गाड्यांबद्दल बऱ्याच तक्रारी आहेत म्हणे.”

“माझ्या? कोण करतंय?”

“नावं नसतात त्यात. सर्च केलं की वरच येतं.”

मामा तडक टेबलाशी आले. “विचार बरं त्या वरच्याला माझ्याबद्दल,” ते लेकीला म्हणाले.

तिने विचारलं. उत्तर यायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागला नाही. जुन्या गाड्यांसाठी काचेचं शोरूम उत्तम, असं म्हणून झाल्यावर खाली मामांचं नाव होतं: 'या विक्रेत्याच्या गाड्यांबाबत इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू न होणे, मागील दार नीट न लागणे, वळताना आवाज येणे अशा अनेक तक्रारी आढळतात. खरेदी करताना सावध राहावे.'

मामांनी ते दोनदा वाचलं. पहिल्या किल्लीला न बोलणारी, रुसलेलं दार, कुरकुरणारी, सगळ्या त्यांच्याच गाड्या होत्या आणि शब्दही त्यांच्याच तोंडचे. कुणी परका तक्रार करता तर त्याच्या दारात जाऊन भांडता आलं असतं. इथे मामांच्या विरुद्ध मामांचीच साक्ष काढली होती.

“याला खोड म्हणजे काय हे कळत नाही?”

“कळतं ना. डिक्शनरीतलं कळतं.”

“याच्या मालकाला फोन लाव.”

लेक हसली, आणि त्या हसण्याचीच मामांना जास्त चीड आली. तिने रीतसर कळवून पाहिलं. 'तुमच्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत' एवढं उत्तर आलं. आभार कसले मानतो मेला, मामांनी काय आहेर पाठवला होता? पण भिंतीशी किती भांडणार?

वेबसाइटवरच्या खोडी काढून टाकायचं लेक हळूहळू बोलू लागली. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करत. मग एक दिवस मिस्त्री पान्ह्यांची पेटी आवरताना दिसला. मामांच्या पहिल्या गाडीपासूनचा हा माणूस. काचेच्या शोरूमवाल्यांनी त्याला बोलावलं होतं.

“इथे मला काम कुठं उरलंय, मामा?” तो त्यांच्याकडे न पाहता म्हणाला. “तुमची भाकरी फुकट खायला लाज वाटते.”

मामा आत गेले. “खोड ते सगळं,” लेकीला म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले. ती एकेक गाडी उघडत गेली, एकेक खोड खोडत गेली आणि त्या जागी 'उत्तम स्थितीत', 'घरगुती वापराची', 'पाहताक्षणी आवडेल' असं भरत गेली. कुरकुरणाऱ्या गाडीपाशी ती थबकली. मामा न वळताच म्हणाले, “तीही.”

तोंडाने मात्र ते सांगत राहिले. त्याचाही निकाल लवकरच लागला. एका भल्या गिऱ्हाइकाने कौतुकाने लिहिलं, 'क्लच जड आहे हे मामांनी आधीच सांगितलं.' वरच्याने नेमकं तेवढंच उचललं आणि मामांच्या नावापुढे 'क्लचबाबत तक्रारी' लावून दिल्या. लेकीने त्या दिवशी हात जोडले. “बाबा, आता तोंडानेही नको.”

मामा गप्प बसायला शिकले. त्या वयात शिकले. फोन वाजू लागला, पान्ह्यांची पेटी पुन्हा उघडली, वरच्याचं मत पालटलं. 'या विक्रेत्याबद्दल तक्रार आढळत नाही.' लेक खुशीत होती. मामा गाड्यांमधून फिरेनासे झाले. कुणी आलं की ते मिस्त्रीला पुढे करत.

अशात पोस्टमनची लेक आली. पोस्टमन आता हयात नव्हता, पण त्याने मामांकडून घेतलेली गाडी त्याच्यापेक्षा जास्त जगली होती. लेकीच्या बोटाला तिची चिमुरडी होती. तिने सपाट रस्त्यावर लाल गाडी चालवून पाहिली आणि ती तिच्या मनात भरली. पोरीची शाळा टेकडीवर आहे, रोज ने-आण करायला हीच बरी, म्हणाली.

त्या लाल गाडीचा दुसरा गिअर उतारावर आपोआप सुटायचा. हाताने दाबून धरला की काही नाही, पण धरायला हवा हे ठाऊक हवं. मिस्त्रीने गिअरबॉक्स दोनदा उघडून पाहिला होता. नवा घालायचा तर ती गाडी विकण्यात अर्थ उरत नव्हता.

“मामा, आता खोड सांगा,” ती म्हणाली.

मामांनी चमकून पाहिलं. कितीतरी दिवसांत तो शब्द कुणी त्यांच्याकडे मागितला नव्हता.

“बाबा सांगायचे, मामा आधी खोड सांगतात, मग किंमत. मी तुमच्याकडे आले ती त्यासाठीच.” तिने पर्समधून फोन काढला. “सांगा, मी तुमच्या नावाखाली लिहिणारच आहे. अशी माणसं अजून आहेत हे लोकांना कळू दे.”

मिस्त्री फडक्याने हात पुसता पुसता थांबला. मामांच्या अगदी जिभेवर आलं होतं. सांगतो, पण लिहू नकोस, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ज्याने जन्मभर खोड उजळमाथ्याने सांगितली, त्याने आता 'कुणाला सांगू नकोस' म्हणायचं? ते मामांना जमेना. आणि त्याहून सोपं होतं ते जमून गेलं.

“हिला खोड नाही,” ते म्हणाले.

“एकही?”

“एकही नाही.” मग घसा खाकरून म्हणाले, “उतारावर सावकाश जा हं.”

ती हसली. “अगदी बाबांसारखं बोलता.”

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मिस्त्री फडकं खांद्यावर टाकून पेटीकडे वळला. मामांना त्याच्याकडे पाहवेना.

त्याच आठवड्यात लेक फोन नाचवत आत आली. “बाबा, ऐका! वरच्याला शेवटी कळलं!” आणि तिने मोठ्याने वाचलं: 'हा विक्रेता गाडीची खोड ग्राहकाला आधीच सांगण्यासाठी ओळखला जातो. प्रामाणिक व्यवहारासाठी शिफारस.' खाली पोस्टमनच्या लेकीचं लिहिणं होतं. 'मामा खोड लपवत नाहीत. माझ्या गाडीला तर एकही निघाली नाही.'

लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळं गाव नावं ठेवत असताना तिने बापाची बाजू लढवली होती, तिचं काय चुकलं? मामा मटकन खुर्चीत बसले. जे ऐकायला वर्षभर कान आसुसले होते ते ऐकून त्यांना स्वतःची शिसारी आली.

“तिचा नंबर लावून दे,” ते म्हणाले.

“आभार मानायला ना?” लेकीने हसत नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

मामांनी तो कानाला लावला. पलीकडे घंटी वाजत होती. शाळा सुटायची हीच वेळ, ती आता पोरीला घेऊन टेकडी उतरत असेल, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. वर्षभर फोन वाजावा म्हणून झुरलेला तो माणूस, तिने तो उचलू नये म्हणून मनोमन विनवत होता आणि उचलावा म्हणूनही.